"हा तिला सांगून का टाकत नाही?" चायनीज ड्रामात तेच तेच का दिसतं, त्याची खरी कारणं

मागच्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिना-दीड महिना तिला घरातच बसून काढायचा होता, मग संध्याकाळी मी माझे चायनीज ड्रामे टीव्हीवर लावायला लागले, ती पाय स्टुलावर ठेवून बघायची आणि मी सबटायटल वाचून तिला मराठीत सांगत राहायचे. चार दिवस तिने गुपचूप बघितलं. पाचव्या दिवशी हिरो पावसात उभा, हिरॉईन रडत निघून चाललीये, गैरसमज इतका साधा की एका वाक्यात मिटेल, आणि हा नुसता मूठ आवळून उभा. आई म्हणाली, "अगं, हा तिला सांगून का टाकत नाही?"

मी आठ-नऊ वर्षं हे ड्रामे बघतेय आणि हा प्रश्न मला मैत्रिणींनी, मावसबहिणीने, ऑफिसमधल्या लोकांनी, सगळ्यांनी कधी ना कधी विचारलाय. दरीत पडून कुणी मरत का नाही, मुलीने पुरुषाचे कपडे घातले की कुणालाच कसं ओळखू येत नाही, ओठ आणि आवाज जुळत का नाहीत, देव असून सारखे पृथ्वीवर का येतात, हे पण त्यातलेच प्रश्न. लोक म्हणतात लिहिणारे आळशी आहेत, आणि मला ते मनापासून पटत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींमागे पक्कं कारण असतं, कधी पैशाचं, कधी सरकारी नियमाचं, कधी खूप जुन्या श्रद्धेचं, आणि ते कारण कळलं की चांगला ड्रामा कुठला आणि नुसता वेळ काढणारा कुठला हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. तलवारबाज, गुरुकुलं, जंगलातल्या टोळ्या, सूड, हे असलं की त्याला वुशिया म्हणतात. देव, राक्षस, तपश्चर्या, हजारो वर्षांचं आयुष्य असलं की शियानशिया. राजवाड्यातल्या राण्यांची कारस्थानं हा तिसरा प्रकार, आणि मग आजच्या काळातले ऑफिस, कॉलेज, पोलीस वगैरे. हे सगळं चीनमध्ये मुख्यतः आयचीयी, टेन्सेंट, योकू आणि मँगो टीव्ही या चार ठिकाणी येतं. आपल्याकडे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ज्या ४३ अ‍ॅप्सवर बंदी आली त्यात टेन्सेंटचं वीटीव्ही आणि मँगोचं अ‍ॅप पण होतं, म्हणून आपण बहुतेक जण यूट्यूब, विकी (आशियाई ड्राम्यांची साइट), नेटफ्लिक्स असं जिथे मिळेल तिथे बघतो, आणि एमएक्स प्लेअरवर हिंदी डब असतात ते बघून सुरुवात केलेले तर खूप जण आहेत.

आता गोष्ट येते कुठून ते बघू, कारण निम्मी उत्तरं तिथेच आहेत. गाजलेले बरेचसे ड्रामे वेब कादंबऱ्यांवरून बनलेले असतात. चीदियान नावाची साइट २००२ ला सुरू झाली, जिनजियांग २००३ ला, आणि जिनजियांगवर तर जास्त करून बायकाच लिहितात आणि बायकाच वाचतात. लेखक तिथे प्रकरण प्रकरण टाकत जातो, सुरुवातीची फुकट, मग एका ठिकाणी आल्यावर पुढचं वाचायला पैसे, आणि ते पैसे मोजले जातात दर हजार अक्षरांमागे. आता तुम्हीच विचार करा, हजार अक्षरांवर पैसे मिळत असतील तर गैरसमज एका वाक्यात कोण मिटवेल? शिवाय प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडायचं की वाचणाऱ्याला झोपच लागणार नाही. तीच हाडं पुढे ड्रामात येतात, म्हणून एपिसोड नेमका बाण सुटल्यावर आणि लागायच्या आधी संपतो.

या कादंबऱ्यांमध्ये अजून एक शब्द सारखा वापरतात, 'श्वांग'. उन्हातून घरी आल्यावर माठातलं पाणी पोटात गेल्यावर जे वाटतं ना, ते श्वांग. ज्याने तुमचा अपमान केला त्यालाच सगळ्यांसमोर तुमच्यापुढे मान खाली घालावी लागते, ज्या मोलकरणीला सगळे लाथाडतात ती शेवटी राणी होते, त्यातून मिळणारा थंडावा. २०१८ चा 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' हा पूर्ण ७० एपिसोड श्वांगवर चालतो. त्यातली वेई यिंगलुओ बहिणीच्या मृत्यूचा हिशोब चुकता करायला राजवाड्यात शिरते, आणि आपल्यावर कुणी वार केला की ती वाट बघत बसत नाही, त्याच नाहीतर पुढच्या एपिसोडला परतफेड करते. रडणाऱ्या, सोसणाऱ्या नायिका बघून दमलेल्या लोकांना ती का आवडली हे सांगायलाच नको. त्याच वर्षी 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' पण आला, ८७ एपिसोडचा, आणि गंमत अशी की दोन्ही एकाच सम्राट छियानलोंगच्या दरबाराबद्दल आहेत, आणि एकातली नायिका ती दुसऱ्यातली खलनायिका आहे, आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. मी दोन्ही पाठोपाठ बघितले. माझं प्रामाणिक मत, यानशी बघताना मजा जास्त येते पण रुयी मनात जास्त दिवस राहतो, कारण त्यात सूड घेऊनही काही परत मिळत नाही.

लांबीचं दुसरं कारण सरळ पैशाचं आहे. चॅनल आणि प्लॅटफॉर्म ड्रामा विकत घेतात ते एपिसोडच्या हिशोबाने, म्हणजे जितके एपिसोड जास्त तितके पैसे जास्त. मग आमटीत पाणी घालणं सुरू होतं. चिनी प्रेक्षक पण अगदी हेच म्हणतात, ड्रामात पाणी भरलंय. आठवणींचे तेच तुकडे परत परत, सहाव्या हिरोच्या काकाची वेगळी कथा, आणि मिटू शकणारे गैरसमज न मिटवणं. २०२० च्या फेब्रुवारीत सरकारी खात्याने कळवलं की ड्रामा ४० एपिसोडच्या आत ठेवा, शक्यतो ३० च्या आतच, आणि खरंच त्यानंतर बऱ्याच गोष्टी आटोपशीर झाल्या, तुम्ही २०२० नंतरचे ड्रामे बघाल तर पुष्कळांचा आकडा ३६ किंवा ४० असतो तो त्यामुळे. २०२५ मध्ये मात्र ही अट सैल केली गेली. मला याची काळजी वाटते. चांगल्या हातात ५०-६० एपिसोड म्हणजे मेजवानी, पण बाकीच्यांच्या हातात परत पाणीच येईल की काय.

जाहिरातींचं पण सांगते, कारण आई त्याला फार दचकली होती. दरबारातला शिपाई अचानक कॅमेऱ्याकडे बघून, त्याच ऐतिहासिक कपड्यात, कुठल्यातरी अ‍ॅपबद्दल बोलायला लागतो. झालं असं की २०१२ पासून चीनमध्ये टीव्हीवर ड्रामाच्या मधे जाहिरात दाखवायला बंदी आली, आणि जाहिरातवाल्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या, गोष्टीच्या आत वस्तू घुसवायच्या, आणि वेब ड्रामात तर छोट्या कलाकारांना पात्राच्याच वेषात उभं करून छोटं नाटुकलं करायचं. आणि २०१९ च्या शेवटी 'जॉय ऑफ लाइफ' चालू असताना जे मेंबर आधीच पैसे भरून बसले होते त्यांच्याकडेच पुढचे सहा एपिसोड आधी बघायचे तर अजून पैसे द्या असं सुरू झालं, ५० युआनचं पॅकेज, त्यावर लोक इतके चिडले की प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या प्लॅटफॉर्म्सनी ती पद्धत बंदच केली.

आता सरकार. हे समजून घेतल्याशिवाय चायनीज ड्रामा समजतच नाही असं माझं ठाम मत आहे. तिथे रेडिओ-टीव्हीचं एक सरकारी खातं आहे, त्याच्या परवानगीशिवाय ड्रामा टीव्हीवर येत नाही, आणि २०२२ च्या जूनपासून वेब ड्रामालाही परवाना नंबर लागतो, तो सुरुवातीलाच स्क्रीनवर येतो, पुढच्या वेळी नीट बघा. हे खातं अधूनमधून सांगतं की अमुक प्रकार नको. २०११ मध्ये त्यांनी टाइम ट्रॅव्हलवर नाराजी दाखवली, म्हणणं असं की इतिहासाची थट्टा होते. त्याच वर्षी 'स्कार्लेट हार्ट' आला होता, आजची मुलगी अपघातात सापडते आणि डोळे उघडते ती छिंग राजवटीत, आणि ज्या राजपुत्रांचा शेवट तिने पुस्तकात वाचलाय त्यांच्यातच तिला राहायचंय. तो प्रकार लोकांना इतका आवडला की सोडवत नव्हता, पण आता सरळ करता येत नव्हता.

मग काय केलं बघा. 'जॉय ऑफ लाइफ'च्या मूळ कादंबरीत आजचा माणूस मरून जुन्या काळात जन्माला येतो. ड्रामात सुरुवातीलाच एक कॉलेजचा मुलगा दिसतो, तो आपल्या प्राध्यापकांना सांगतो की मी एक गोष्ट लिहितोय, समजा आजच्या विचारांचा एक माणूस जुन्या काळात असता तर. बस. म्हणजे पुढचं सगळं त्या मुलाने लिहिलेली गोष्ट, खरा टाइम ट्रॅव्हल कुणी केलेलाच नाही. आणि मग पुढे तो जबरदस्त सीन येतो, भर दरबारात मेजवानी चालू आहे, नायक फान शियानवर कवितेची चोरी केल्याचा आरोप होतो, आणि तो दारू पिऊन, केस सुटलेले, अडखळत, एकामागून एक शेकडो वर्षांच्या चिनी कविता म्हणत सुटतो, लिहून घेणाऱ्यांचे हात दमतात, आणि त्या जगात त्या कविता कुणी ऐकलेल्याच नाहीत. त्याला एकट्याला माहीत आहे की या आपल्या नाहीत. प्यायलेला, रडवेला, आपल्या सोडलेल्या जगाची आठवण काढणारा तो माणूस बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. कुंपण घातलं म्हणून ही वाट सापडली, आणि मला वाटतं त्या कॉलेजच्या मुलामुळे गोष्टीला एक वेगळीच खोली आली.

खोट्या राजवटीचं पण तसंच. 'हे कुठल्या काळात घडतं?' असं आई विचारायची आणि मी सांगायचे की कुठल्याच नाही. राजाचं नाव, देशाचं नाव सगळं काल्पनिक ठेवलं की इतिहासाची चूक कुणी काढू शकत नाही. आणि २०१९ च्या जानेवारीत बीजिंगमधल्या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्राकडून राजवाड्याच्या ड्राम्यांवर जाहीर टीका झाली, थाटमाट आणि कारस्थानाचं उदात्तीकरण होतं म्हणून, आणि यानशी, रुयी टीव्ही चॅनल्सच्या वेळापत्रकातून काढले गेले. त्यानंतर तो प्रकार बराच कमी झाला, म्हणून हल्ली राण्यांच्या ऐवजी व्यापारी बायका, वैद्य बायका, सरदारांच्या घरातल्या सुना दिसतात.

आणि 'द अनटेम्ड'. २०१९, ५० एपिसोड, कलाकार शियाओ झान आणि वांग यीबो. मूळ कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे, ते पडद्यावर दाखवता येत नाही, मग ड्रामात त्यांचं नातं 'झ्रजी' म्हणून दाखवलं. या शब्दाला आपल्याकडे जिवलग म्हणता येईल, पण त्याचा अर्थ अजून खोल आहे, जो मला माझ्याइतकाच जाणतो तो. त्यामागे चीनमधली एक जुनी गोष्ट उभी आहे, बोया नावाचा वादक वाजवायचा आणि झोंग झीची नावाचा लाकूडतोड्या नुसतं ऐकून सांगायचा की तुझ्या मनात आत्ता डोंगर आहे, आत्ता वाहतं पाणी आहे. तो लाकूडतोड्या गेला तेव्हा बोयाने आपलं वाद्य फोडलं आणि परत कधी वाजवलं नाही. ही गोष्ट माहीत असली की अनटेम्डमध्ये दोघं बासरी आणि तंतुवाद्य का वाजवतात हे लक्षात येतं. एक जण म्हणतो की एके काळी मी तुला आयुष्यभराचा जिवलग मानायचो, दुसरा एवढंच म्हणतो की अजूनही आहे. त्यात मिठी नाही, काही नाही, आणि मी त्या सीननंतर टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसले होते. २०२१ नंतर असे ड्रामे येणं जवळजवळ थांबलं, शूट होऊन पडून राहिलेले आहेत. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कलाकारांची वर्षं गेली त्यात.

शियानशिया हा माझा सगळ्यात लाडका प्रकार आणि मला वाटतं मराठी माणसाला तो समजायला सगळ्यात सोपा आहे, कारण शाप, उःशाप, तप, वर, जन्म, हे आपल्याला आजीने सांगितलेल्या गोष्टींतून माहीत असतं. तिथले देव जन्मतःच मोठे नसतात, तप करून वर चढायचं असतं, आणि प्रत्येक मोठ्या पायरीवर आभाळातून विजा अंगावर घ्याव्या लागतात नाहीतर माणसाच्या जन्मात जाऊन दुःख भोगून यावं लागतं. आठवणी पुसलेल्या असतात, आपण देव आहोत हे माहीत नसतं. या भोगाला चिनी भाषेत 'ज्ये' म्हणतात. आता हा शब्द कुठून आला माहितीये? आपल्या 'कल्प' मधून. बौद्ध ग्रंथ भाषांतर करताना कल्पचं त्यांनी 'ज्येपो' केलं, कल्पाच्या शेवटी सगळं जळून जातं, म्हणून हळूहळू ज्ये म्हणजे मोठं संकट असा अर्थ झाला. राक्षसांच्या राजाला जे 'मो' म्हणतात ते बुद्धाला भुलवायला आलेल्या 'मार' वरून आलेलं. मेल्यावर न्याय करणारा यानलुओ म्हणजे आपला यमराज. एका क्षणात असं म्हणायला 'छाना' म्हणतात तो आपलाच 'क्षण'. ज्या श्वेनझांगने, आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या ह्युएन त्संगने, ७व्या शतकात भारतात येऊन ग्रंथ नेले तो महाराष्ट्रातून पण गेला होता, पुलकेशीबद्दल आणि इथल्या लोकांच्या मानीपणाबद्दल लिहून ठेवलंय त्याने, आणि त्याच्याच प्रवासावर पुढे वानरराजाची ती प्रसिद्ध कादंबरी 'जर्नी टू द वेस्ट' बेतली गेली, जिची मुळं आजच्या अर्ध्या शियानशियात सापडतात. हे आईला सांगितलं तेव्हापासून ती 'ज्ये आला' असं ऐकलं की मला कोपराने ढोसते, "कल्प ना?"

'इटर्नल लव्ह', २०१७ चा, ५८ एपिसोडचा, या प्रकारातला सगळ्यात गाजलेला. त्यात नायिका साधी बाई म्हणून देवांच्या राज्यात येते, तिथे तिचे डोळे काढून घेतले जातात, आणि ती डोळ्यांवर पट्टी बांधून देवांना शिक्षा द्यायच्या कड्यावरून उडी मारते. साधा माणूस तिथून पडला की संपला. ती पडते आणि तिचं खरं रूप परत येतं, ती नऊ शेपटांच्या कोल्ह्यांच्या कुळातली देवी आहे आणि हा सगळा तिचा ज्ये होता. दरीत पडून कुणी मरत नाही ही जी सगळ्यांची तक्रार असते ना, तिचं उत्तर इथे आहे, त्या गोष्टींमध्ये पडणं म्हणजे जुना जन्म टाकणं. वुशियात पण तेच, कड्यावरून पडलेल्याला खाली गुहा सापडते, गुहेत गुरू किंवा पोथी. फक्त जिथे नायक पडतो आणि तसाच्या तसा वर येतो तिथे मला राग येतो.

बाकीचं भराभर सांगते. केसातला आकडा भेट दिला की ते प्रेमाचंच, कारण मुलगी पंधरा वर्षांची झाली की केस वर बांधून आकडा घालायचा विधी असायचा, लग्नाचं वय झालं अशी ती खूण. भावना अनावर झाली की तोंडातून रक्त, कारण चिनी वैद्यकात राग यकृताला आणि दुःख फुफ्फुसाला इजा करतं असं मानतात. पुरुषवेषातली मुलगी ओळखू न येणं हा जुन्या नाटकांपासून चालत आलेला संकेत आहे, आपण पण रंगभूमीवर बालगंधर्वांना बाई म्हणून बघितलंच की. ओठ न जुळण्याचं कारण डबिंग. झेजियांग प्रांतात हंगदियान नावाची जगातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक शूटिंगची जागा आहे, बीजिंगच्या राजवाड्याची मूळ मापाची प्रतिकृती आहे तिथे, एका वेळी पुष्कळ युनिट्स काम करत असतात, आवाज प्रचंड, मग सगळं नंतर स्टुडिओत. शिवाय तैवान-हाँगकाँगच्या कलाकारांचे उच्चार वेगळे, आणि परवानगीच्या वेळी वाक्य बदलायला लागलं तर आवाज बदलणं सोपं. त्यामुळे आवाज देणारे तिथे स्वतः स्टार असतात.

राजवाड्याच्या ड्राम्यात मात्र थांबायलाच हवं. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस', ७६ एपिसोड, सम्राट योंगझेंगचा काळ. बायकांच्या पायऱ्या ठरलेल्या, दायिंग, छांगझाय, ग्वेरन, पिन, फेई, मग ग्वेफेई, वर सम्राज्ञी, आणि कुणी किती वाकायचं, कुणाला किती कोळसा मिळणार, सगळं पायरीवर. त्यात ह्वा फेई म्हणून एक आहे, उद्धट, क्रूर, सगळ्यांना छळणारी, भाऊ मोठा सेनापती, आणि सम्राटाची लाडकी, इतकी की एक खास धूप फक्त तिच्याच महालात जळतो. ती त्या धुपाचा केवढा अभिमान बाळगते, कारण दुसऱ्या कुणाला तो मिळतच नाही. तिला मूल होत नाही हे तिचं एकच दुःख. शेवटी भाऊ जातो, पद जातं, ती मोडक्या कोठडीत बसलीये, आणि नायिका झेन ह्वान येऊन तिला शांतपणे सांगते की त्या धुपात कस्तुरी होती, सम्राटानेच घालायला सांगितली होती, तुझ्या घराण्याचा नातू नको होता म्हणून. ती आधी विश्वास ठेवत नाही. मग हसते. मग तिच्या चेहऱ्यावर एक एक वर्ष उतरत जाताना दिसतं, रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने लावलेला तो धूप. आणि ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते. आई ज्या बाईला इतके दिवस शिव्या घालत होती तिच्यासाठी त्या दिवशी जेवली नाही नीट. गर्भपात, कस्तुरी, विष हे शंभर ड्राम्यात असतं, पण इथे ते विष प्रेमाची खूण म्हणून दिलंय, तिथे सगळा फरक पडतो.

आजच्या काळातल्या ड्राम्यांमधला हुकूमशाही सीईओ मला आवडत नाही, सरळ सांगते. मनगट धरून ओढत नेणं, भिंतीला टेकवून अडवणं, पैशाने सगळं विकत घेणं, याला प्रेम म्हणून दाखवू नये. हल्ली हा सीईओ फोनवरच्या उभ्या छोट्या ड्राम्यांमध्ये गेलाय, दीड-दोन मिनिटांचा एपिसोड, असे ऐंशी-शंभर, पहिले थोडे फुकट आणि मग पैसे, म्हणजे वेब कादंबरीचाच हिशोब पण अजून घाईचा. त्यात इतका अतिरेक झाला की २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द सरकारी खात्याने सीईओंच्या छोट्या ड्राम्यांना आवर घालायला सांगितलं. यापेक्षा 'गो अहेड' बघा, २०२०, रक्ताचं नातं नसलेली तीन मुलं, दोन बाप, त्यातला एक नूडल्सचं दुकान चालवतो, घर म्हणजे त्याचं जेवणाचं टेबल. आणि थ्रिलर आवडत असतील तर 'द बॅड किड्स', फक्त १२ एपिसोड, किंवा २०२२ चा 'रीसेट', १५ एपिसोड, ४५ नंबरची बस परत परत स्फोटात उडते आणि दोघं परत परत तिच्यात जागे होतात. बसमधल्या प्रत्येक प्रवाशाला आयुष्य आहे, जो टरबूज घेऊन चाललाय त्यालासुद्धा.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खुपते, चेहऱ्यांवरचा तो पांढरा फिल्टर. त्वचेवर एक रेष नाही, घाम नाही, लढाईतून आलेला माणूस पावडर लावून आल्यासारखा. यानशीमध्ये किती सुंदर काम केलं होतं, फिकट संयत रंग, सम्राज्ञीच्या केसात दागिन्यांऐवजी रेशमाच्या धाग्यांची हाताने केलेली फुलं, ती खरी सम्राज्ञी साधी राहायची असा इतिहास आहे म्हणून. एवढा अभ्यास करणारे लोक असताना चेहराच पुसून टाकायचा? अभिनय चेहऱ्यावरच दिसतो ना.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. तो सांगत का नाही? माझं उत्तर असं, सांगितलं तर काय बिघडेल ते बघायचं. काहीच बिघडत नसेल तर ते आमटीतलं पाणी आहे, खुशाल पुढे ढकला. पण बिघडत असेल तर ते गप्प बसणं हीच गोष्ट असते.

आईला हे दाखवायला मी 'निर्वाणा इन फायर' लावला, २०१५ चा, ५४ एपिसोड. बारा वर्षांपूर्वी सत्तर हजार सैनिकांवर देशद्रोहाचा खोटा ठपका ठेवून त्यांना मारलं. त्यांचा तरुण सेनानी लिन शू विषबाधा होऊन वाचला, त्या विषावरच्या उपचारात चेहरा बदलला, ताकद गेली, आयुष्य थोडं उरलं. आता तो मेई छांगसू नावाचा आजारी सल्लागार म्हणून राजधानीत येतो आणि आपल्या बालमित्राला, राजपुत्र जिंगला, सिंहासनावर बसवायची तयारी करतो. जिंगला माहीत नाही हा कोण. तो याला कारस्थानी समजतो, तोंडावर टाकून बोलतो. आणि हा ऐकून घेतो, कारण जिंगला कळलं तर तो आधी मित्राचा जीव वाचवायला धावेल, सिंहासन सोडेल, सत्तर हजारांचं नाव कायमचं काळं राहील.

पहिले काही एपिसोड आई अस्वस्थ होती. "सांग की रे बाबा," असं टीव्हीशीच बोलायची. मग तो डब्यांचा भाग आला. जिंगची आई पूर्वी वैद्यकी करायची, आता राजवाड्यात राणी आहे, ती मुलाला घरचं गोडधोड पाठवते, आणि त्याच्या त्या सल्लागारालाही वेगळा डबा भरून देते. जिंगला हेझलनटच्या वड्या फार आवडतात. लिन शूला त्या चालायच्या नाहीत, लहानपणी खाल्ल्या की त्रास व्हायचा. मी सबटायटल वाचत होते, पुढचं वाक्य यायच्या आधीच आईने हात वर केला.

"थांब. मागे घे जरा."

मी मागे घेतलं. ती चष्मा सारखा करून पुढे वाकली.

"म्हणजे त्याच्या डब्यात तिने ती वडी घातलीच नाहीये," आई म्हणाली. "तिला कळलंय तो कोण आहे ते. आणि आता तीसुद्धा कुणाला सांगणार नाही."